नव्वद दिवसांची मोजदाद

पाळीचा पहिला दिवस कोणता, इथूनच गोंधळाला सुरुवात होते. तपकिरी डाग दिसला तो दिवस धरायचा नाही. पॅड घ्यावंच लागेल असा लाल स्राव ज्या दिवशी सुरू झाला, तो पहिला दिवस. त्या तारखेपासून पुढच्या पाळीच्या आदल्या दिवसापर्यंत जितके दिवस भरतात, तितकी चक्राची लांबी. कॅलेंडरवर गोल करा, वहीत लिहा नाहीतर मोबाइलमध्ये ठेवा. पण सहा महिन्यांच्या तारखा हातात नसतील तर पीसीओएसबद्दल (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणजे पाळी लांबवणारा संप्रेरकांचा, हार्मोन्सचा बिघाड) डॉक्टरांशी धड बोलताच येत नाही. ‘पाळी अधूनमधून चुकते’ एवढं सांगून काहीच ठरत नाही. ३८, ५२, ४१, ७० असे दिवस सांगितले की डॉक्टर लगेच पेन उचलतात.

तारखेशेजारी आणखी एक नोंद हवी आणि ती बहुतेकजणी विसरतात: त्या महिन्यात कुठली गोळी घेतली होती का? गौरी-गणपतीला, घरातल्या लग्नाला, सत्यनारायणाला पाळी पुढे ढकलायची गोळी घेतलेली असते. ती थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत जो रक्तस्राव होतो तो गोळी थांबवल्याचा परिणाम. त्या महिन्यात स्त्रीबीज सुटलं की नाही, हे त्यावरून कळत नाही. तातडीच्या गर्भनिरोधक गोळीनंतरचंही तसंच. हे दिवस वेगळ्या रंगाने मांडले नाहीत तर वर्षाच्या पाळ्या उगाच जास्त दिसतात.

पाळी सुरू होऊन तीन वर्षं उलटली की २१ ते ३५ दिवसांचं चक्र नियमित धरतात. चक्र त्याहून लांब किंवा लहान असेल, किंवा वर्षात आठपेक्षा कमी पाळ्या येत असतील, तर तपासणी करायलाच हवी. नुकत्याच वयात आलेल्या मुलींना हा नियम लावायचा नाही. पहिलं वर्ष पाळी कशीही आली तरी चालतं, त्यानंतर तिसऱ्या वर्षापर्यंत ४५ दिवसांची मुभा असते. मात्र पहिलं वर्ष सरल्यावर एखादं जरी चक्र ९० दिवसांच्या पुढे गेलं, तर ‘लग्नानंतर होईल सगळं नीट’ म्हणत थांबू नये. हे वाक्य अजूनही घराघरांत ऐकू येतं आणि त्याने मुलींची वर्षं वाया जातात.

नावाबद्दल थोडं. आपल्याकडे याच आजाराला पीसीओडी (शेवटचा ‘डी’ म्हणजे डिसीज) हा शब्द रुळला आहे आणि पीसीओडी सौम्य, पीसीओएस गंभीर, अशी वाटणीही ऐकू येते. तिला आधार नाही. सोनोग्राफीत नुसती ठिपक्यांनी भरलेली दिसणारी बीजांडकोशं (ओव्हरी) पुष्कळ निरोगी बायकांतही सापडतात. आजार म्हणायला त्याच्या जोडीला आणखी काही असावं लागतं. ‘सिस्ट’ (द्रवाने भरलेली गाठ) हा शब्दही फसवा आहे. १९३५ मध्ये शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेन्थल यांनी सात बायकांचं वर्णन केलं आणि बीजांडकोशाचा पाचरीसारखा तुकडा कापून काढला, तेव्हापासून तो चिकटला. पडद्यावर माळेसारखे दिसणारे ते काळे ठिपके म्हणजे गाठी नव्हेत. ती वाढता वाढता थांबलेली बीजपुटकं (फॉलिकल), म्हणजे बीज सांभाळणाऱ्या इवल्या पिशव्या आहेत. ती कापायची नसतात, औषधाने ‘विरघळवायची’ही नसतात.

ती का थांबतात हे समजलं की पुढचे सगळे उपचार समजतात. स्नायू आणि यकृत इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत, म्हणून स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं. बीजांडकोश मात्र त्या जादा इन्सुलिनला पुरेपूर दाद देतो आणि टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक जास्त बनवू लागतो. तेच इन्सुलिन यकृतात एसएचबीजी हे प्रथिन कमी करतं. टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारं प्रथिन घटलं की मोकळं टेस्टोस्टेरॉन वाढतं आणि हनुवटीवर केस, जबड्याच्या कडेने मुरुमं, भांगात विरळपणा दिसू लागतो. मेंदूकडून एलएच (बीज सुटायला लावणारं संप्रेरक) जास्त आणि एफएसएच (पुटक वाढवणारं) तुलनेने कमी येत राहतं, त्यामुळे एकही पुटक पुढे निघत नाही. बीज सुटत नाही, म्हणून प्रोजेस्टेरॉन बनत नाही आणि पाळीही येत नाही. मानेवर, काखेत कातडी मखमलीसारखी जाड आणि काळी पडते ती वाढलेल्या इन्सुलिनमुळे. ती मळ नाही, घासून जात नाही; घासल्याने आणखी काळवंडते.

निदानासाठी २००३ मध्ये रॉटरडॅमला ठरलेले निकष आजही पायाभूत आहेत. पाळीची अनियमितता, पुरुषी संप्रेरकं वाढल्याची अंगावरची किंवा रक्तातली खूण, सोनोग्राफीतलं रूप. यांतल्या तीनपैकी दोन गोष्टी आणि अशीच लक्षणं देणारे इतर आजार नाहीत याची खात्री. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाच्या हेलेना टीड यांच्या नेतृत्वाखाली २०२३ मध्ये आलेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने यात भर घातली: प्रौढ स्त्रीमध्ये सोनोग्राफीऐवजी एएमएच (पुटकांच्या संख्येचा अंदाज देणारं संप्रेरक) ही रक्ततपासणीही चालते. किशोरवयीन मुलींत मात्र ती चालत नाही. पाळी अनियमित आहे आणि केसांची वाढही उघड आहे, तर निदानासाठी सोनोग्राफीची गरजच उरत नाही, हेही तिथे स्पष्ट म्हटलंय.

केसांची वाढ मोजायला नऊ जागा पाहतात: वरचा ओठ, हनुवटी, छाती, पोटाचा वरचा आणि खालचा भाग, पाठीचा वरचा आणि खालचा भाग, दंड, मांड्या. प्रत्येकीला शून्य ते चार गुण. बेरीज चार ते सहाच्या पुढे गेली की वाढ जास्त समजतात. आपण नेमकं दवाखान्यात जाण्याच्या आदल्या दिवशी पार्लरमध्ये जाऊन थ्रेडिंग करून येतो, त्यामुळे डॉक्टरांना काहीच दिसत नाही. दर किती दिवसांनी काढावे लागतात ते न लाजता सांगावं. आठवड्याला की महिन्याला, यात मोठा फरक आहे.

आता रक्त. पैसे इथे वाया जातात आणि चुकाही इथेच होतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसात सकाळी रक्त द्यायचं. पाळीच येत नसेल तर आधी गरोदरपणाची चाचणी, मग कोणत्याही दिवशी. ‘मी गरोदर असणं शक्य नाही’ असं वाटत असलं तरी ही चाचणी टाळायची नाही. यादीत टीएसएच (थायरॉइडसाठी), प्रोलॅक्टिन (दूध आणणारं संप्रेरक), एकूण टेस्टोस्टेरॉन, एसएचबीजी आणि १७-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन असावं. शेवटची तपासणी मूत्रपिंडावर बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथीच्या एका आनुवंशिक दोषासाठी असते. तो हुबेहूब पीसीओएससारखा दिसतो. सकाळी लवकर घेतलेल्या नमुन्यात ते २०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असेल तर तो दोष जवळपास वगळता येतो. एलएच आणि एफएसएच यांचं गुणोत्तर अजून बऱ्याच ठिकाणी सांगतात, पण निदानाच्या निकषांत ते नाही. उपाशीपोटी इन्सुलिन मोजायचीही रोजच्या व्यवहारात गरज पडत नाही. त्या पैशात साखरेची नीट चाचणी होते.

तीन गोष्टींनी आकडे बिघडतात. एक, गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना टेस्टोस्टेरॉन मोजणं निरर्थक आहे. गोळ्या थांबवून किमान तीन महिने जावे लागतात. दोन, बायोटिन हे जीवनसत्त्व. केस गळतात म्हणून घेतलेल्या गोळीत ते पाच-दहा मिलिग्रॅम असतं आणि अनेक यंत्रांवर त्याने टीएसएच खोटं कमी, तर टेस्टोस्टेरॉन खोटं जास्त दिसू शकतं. किमान तीन दिवस आधी ती गोळी बंद. तीन, आम्लपित्तावरच्या कॅप्सूलमधलं डॉम्पेरिडोन हे मळमळीचं औषध. त्याने प्रोलॅक्टिन चढतं. धावतपळत लॅब गाठली, रडू आलं, झोप झाली नाही, तरी ते थोडं चढतं. किंचित वाढलेल्या एका आकड्यावरून लगेच गोळी सुरू करण्याआधी शांत बसून, उपाशीपोटी पुन्हा एकदा मोजावं. टेस्टोस्टेरॉनचं म्हणाल तर बायकांतल्या कमी पातळीला साध्या पद्धती अचूक नसतात. लॅबकडे मास स्पेक्ट्रोमेट्रीची (रेणूच्या वजनावरून मोजणाऱ्या जास्त अचूक पद्धतीची) सोय असेल तर ती मागावी.

एक इशारा मात्र वेगळ्या जातीचा. आवाज जाड होणं, टाळूवर टक्कल, दोन-चार महिन्यांत झपाट्याने वाढलेले केस, टेस्टोस्टेरॉन नेहमीच्या कितीतरी पट: अशा वेळी बीजांडकोशात किंवा अॅड्रिनलमध्ये संप्रेरक बनवणारी गाठ आहे का, ते त्याच आठवड्यात पाहायचं. पीसीओएस वर्षानुवर्षं हळूहळू वाढतो, असा धावत येत नाही.

साखरेसाठी फक्त उपाशीपोटीचा आकडा पाहून समाधान मानू नये. पीसीओएसमध्ये तो बराच काळ ठीक असतो आणि खाल्ल्यानंतरचा बिघडलेला असतो. म्हणून ७५ ग्रॅम ग्लुकोजची चाचणी. आधीचे तीन दिवस नेहमीसारखा भात-पोळी खायची. कडक डाएटवर असताना ही चाचणी दिली तर आकडा खोटा चढतो. रात्रीपासून किमान आठ तास उपाशी. पहिलं रक्त दिल्यावर ग्लुकोज साधारण पाव लिटर पाण्यात विरघळवून पाच मिनिटांत संपवायचं. वेळ पहिल्या घोटापासून धरायची. ते पाणी इतकं गोड असतं की मळमळतं. लिंबाबद्दल लॅबला आधी विचारून ठेवावं. उलटी झाली तर चाचणी रद्द, दुसऱ्या दिवशी पुन्हा. मधल्या दोन तासांत बसून राहायचं. जिने चढून ‘तेवढ्यात बाजार करून येते’ म्हणणारीचा आकडा खरा येत नाही. दोन तासांनंतर १४० च्या खाली ठीक, १४० ते १९९ धोक्याची पायरी, २०० आणि पुढे मधुमेह. एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) सोयीचं आहे, पण अंगात लोह कमी असेल तर ते वाजवीपेक्षा जास्त दिसतं, आणि महिनोन्महिने तुंबून मग पंधरा दिवस अंगावरून जाणाऱ्या बाईत लोह बऱ्याचदा कमी असतं.

सोनोग्राफी योनीमार्गे केली तर नीट दिसतं. लग्न न झालेल्या, शरीरसंबंध न आलेल्या मुलींची पोटावरून करतात. त्यासाठी तासभर आधी चार-पाच ग्लास पाणी पिऊन मूत्राशय भरलेलं ठेवावं लागतं. कमी भरलं तर बीजांडकोश दिसत नाही आणि ‘परत या’ होतं. अहवालात ‘बल्की’ (आकाराने मोठं) लिहिलंय म्हणून घाबरू नये, आकडे वाचावेत. लांबी, रुंदी, जाडी सेंटिमीटरमध्ये घेऊन त्यांचा गुणाकार करायचा आणि ०.५२ ने गुणायचं. ३.५ × २.५ × २.२ चे १० मिलिलिटर होतात, हीच सीमारेषा. दुसरा निकष म्हणजे एका बीजांडकोशात दोन ते नऊ मिलिमीटरची वीस किंवा जास्त पुटकं. जुना आकडा बारा होता, तो यंत्रं सुधारल्यावर वर सरकला. तरी बारावर शिक्का मारलेले अहवाल अजून येतात. त्या दिवशी एखादं पुटक दहा मिलिमीटरच्या वर वाढलेलं असेल तर आकारमान ग्राह्य धरायचं नाही, पुढच्या पाळीत पुन्हा पाहायचं. पहिली पाळी येऊन आठ वर्षं झाली नसतील तर या कारणासाठी सोनोग्राफी करूच नये, कारण त्या वयात पुष्कळजणींची बीजांडकोशं अशीच दिसतात. सोळा वर्षांच्या मुलीच्या हातात असा कागद देऊन तिला ‘मूल होईल ना?’ या काळजीत ढकलणं मला फार क्रूर वाटतं.

त्याच अहवालात गर्भाशयाच्या अस्तराची जाडी मिलिमीटरमध्ये असते, ती सगळ्यात आधी बघा. पाळी येत नाही तोवर इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक अस्तर वाढवत राहतं आणि ते आवरणारं प्रोजेस्टेरॉन नसतं. हे वर्षानुवर्षं चाललं तर अस्तराच्या पेशी बिघडतात, पुढे कर्करोगापर्यंत जाण्याचा धोका वाढतो. म्हणून नव्वद दिवसांची मर्यादा. गोळ्या आवडत नाहीत, केसांची पर्वा नाही, मूल आत्ता नको, तरीही तीन महिन्यांत एकदा अस्तर पडून गेलंच पाहिजे. ८० वा दिवस उजाडला की गरोदरपणाची चाचणी करून डॉक्टरांना फोन. सहसा मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन (प्रोजेस्टेरॉनसारखी गोळी) १० मिलिग्रॅम रोज एक अशी दहा दिवस देतात. ती संपल्यावर दोन ते सात दिवसांत रक्तस्राव होतो, कधी थोडा उशिरा. गोळी चालू असताना पाळी येत नाही म्हणून मध्येच सोडून देणं ही सर्रास होणारी चूक. ती थांबवल्यावरच पाळी येते. तुंबलेलं अस्तर पडतं तेव्हा पहिली पाळी जड जाते, गाठीही पडतात. तासाला एक पॅड भिजू लागला तर मात्र घरी थांबू नये. दोन आठवडे थांबूनही काहीच झालं नाही तर कारण वेगळं असू शकतं.

दर महिन्याची पाळी, मुरुमं आणि केस अशा तिन्हींसाठी गर्भनिरोधक गोळी देतात. तिच्यातलं इस्ट्रोजेन यकृतात एसएचबीजी वाढवतं, मोकळं टेस्टोस्टेरॉन घटतं. इथे बहुतेकींचा गैरसमज होतो तो असा: गोळीवर पाळी घड्याळासारखी आली, म्हणजे आजार गेला. ती पाळी गोळीची आहे. सहा महिन्यांनी गोळी सोडली आणि चक्र पुन्हा लांबलं, तर उपचार फसला असं नसतं. गोळीचं काम अस्तर सांभाळायचं आणि टेस्टोस्टेरॉन दाबायचं होतं, ते तिने केलं. इस्ट्रोजेन ३० मायक्रोग्रॅम किंवा त्याहून कमी असलेली गोळी आधी. सायप्रोटेरॉनची (टेस्टोस्टेरॉनचा परिणाम रोखणारं औषध असलेली) ३५ मायक्रोग्रॅमवाली पहिल्याच भेटीत नको, तिच्यात रक्तात गुठळी होण्याचा धोका जास्त आहे. सुरू करण्यापूर्वी रक्तदाब मोजून घ्यावा. डोळ्यांपुढे चमक येऊन डोकं दुखणारी अर्धशिशी, पायात किंवा फुप्फुसात झालेली गुठळी, वाढलेला रक्तदाब, पस्तिशीनंतर धूम्रपान: यांपैकी काही असेल तर ही गोळी नाही. एकवीस गोळ्यांचं पाकीट संपल्यावर सात दिवस सुट्टी आणि आठव्या दिवशी नवं पाकीट, रक्तस्राव चालू असला तरी. ‘पाळी संपू दे, मग घेते’ म्हणत दोन-तीन दिवस पुढे ढकलले की गर्भ राहू शकतो.

मेटफॉर्मिन मुळात मधुमेहाची गोळी; वजन, साखर आणि इन्सुलिन वाढण्याकडे कल असलेल्यांना ती उपयोगी पडते. तिचा पहिला पंधरवडा कठीण जातो, आणि तो कसा काढायचा हे सांगितलं जात नाही म्हणूनच कितीतरी पाकिटं अर्धवट पडून राहतात. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी रात्रीच्या जेवणाच्या मधोमध, चार घास आधी, चार नंतर. उपाशीपोटी घेतली तर मळमळ, जुलाब, तोंडाला धातूची चव. एक-दोन आठवड्यांनी पोट स्थिरावलं की आणखी ५०० वाढवायचे, असं १५०० ते २००० पर्यंत. घाईने वाढवलं की जुलाब परत. ‘एसआर’ किंवा ‘एक्सआर’ लिहिलेली गोळी पोटाला सोपी जाते. ती तोडायची, चावायची नाही, आणि तिचं रिकामं टरफल शौचात दिसलं तर औषध वाया गेलं असं समजायचं नाही. सुरू करताना क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी), आणि पुढे चालू राहिली तर ब१२ वेळोवेळी पाहायचं; शाकाहारी घरांत तर नक्कीच. उलट्या-जुलाबांनी अंगातलं पाणी गेलं असेल त्या दिवसांत ती थांबवायची आणि डॉक्टरांना विचारायचं. परिणाम जोखायला किमान तीन ते सहा महिने द्यावे लागतात. आणि हे कुणीतरी आवर्जून सांगायला हवं: मेटफॉर्मिनने बीज सुटायला लागू शकतं. ‘मला तर पाळीच येत नाही’ या भरवशावर असलेल्यांना नको असताना दिवस जातात.

इनॉसिटॉल या साखरेसारख्या पूरक पदार्थाच्या पुड्या हल्ली सगळीकडे लिहून दिल्या जातात. त्यांचा धोका कमी, पुरावाही मर्यादित. पैसे असतील तर घ्याव्यात. पण त्यासाठी मेटफॉर्मिन किंवा नव्वद दिवसांचा नियम सोडू नये.

जेवणात कुठलंही एक डाएट दुसऱ्यापेक्षा सरस ठरलेलं नाही. दूध बंद, गहू बंद, भात बंद अशी फर्मानं सरसकट सगळ्यांना लावायचं कारण नाही. आपल्या ताटात मुख्य उणीव प्रथिनांची आहे. सकाळी कांदेपोहे, दुपारी पोळी-बटाट्याची भाजी, संध्याकाळी चहा-बिस्किट, रात्री वरण-भात. यात प्रथिनं मोजायला बसलं तर तीस-पस्तीस ग्रॅमच्या पुढे क्वचित जातात. पोह्यांबरोबर मोड आलेली मटकी किंवा दोन अंडी घेतली, दुपारी वाटीभर उसळ आणि दही, रात्री पातळ वरणाऐवजी घट्ट डाळ किंवा पिठलं ठेवलं, भाकरी एक कमी केली, तर ताट ओळखीचंच राहतं आणि अकरा वाजता हात डब्यातल्या चिवड्याकडे जात नाही. दोन चमचे साखरेचे तीन चहा म्हणजे दिवसाला पंचवीस ते तीस ग्रॅम साखर. ती आधी कमी करावी. उपवास हा आपला वेगळा मामला आहे. चतुर्थी, एकादशी, गुरुवार धरले तर महिन्यात सात-आठ दिवस साबुदाणा, बटाटा आणि रताळं, म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. उपवास मोडायला कुणी सांगत नाही. वरीचा भात आणि दाण्याची आमटी, राजगिरा, दही, ताक, पनीर यांवर तोच उपवास निभतो. साबुदाणा असलाच तर वाटीभर.

वजन जास्त असेल तर ५ ते १० टक्के उतरणं पुरतं. सत्तर किलोच्या बाईसाठी साडेतीन ते सात किलो. एवढ्यावर अनेकींची पाळी सुधारते, मग वजन ‘आदर्श’ व्हायची वाट कशाला पाहायची? कंबरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या वर असेल तर काट्यावर आकडा कमी दिसला तरी पोटाची चरबी जास्त आहे. आणि बारीक बाईलाही पीसीओएस असतो. तिला ‘वजन कमी कर’ म्हणणं चुकीचं, तिचा भर स्नायूंवर हवा. व्यायाम आठवड्याला किमान १५० मिनिटं भरभर चालणं, शिवाय एक दिवस आड करून दोनदा ताकदीचा: उठाबशा, भिंतीवर जोर, पाण्याच्या बाटल्या उचलणं. कामाला लागलेला स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता साखर ओढून घेतो, म्हणून वजन जागचं हललं नाही तरी व्यायामाचा फायदा होत असतो. घरकामाने दमायला होतं हे खरंच, पण त्यात धाप लागेल असा सलग वेळ मिळत नाही.

केसांच्या बाबतीत धीर सुटतो, कारण केसाचं आयुष्यच महिन्यांचं असतं. औषधाने नवीन केस बारीक उगवायला सहा महिने, नीट फरक दिसायला नऊ ते बारा महिने लागतात. गर्भनिरोधक गोळी सहा महिने देऊनही पुरेसं झालं नाही तर टेस्टोस्टेरॉनचा परिणाम रोखणारं स्पायरोनोलॅक्टोन जोडतात, सहसा २५ ते १०० मिलिग्रॅम. ते घेताना गर्भ राहू देता कामा नये, मुलगा असेल तर त्याच्या जननेंद्रियांच्या वाढीत दोष येऊ शकतो. लेझरच्या आधी चार आठवडे वॅक्सिंग, थ्रेडिंग, चिमटा बंद. लेझर मुळातल्या रंगावर काम करतो आणि मूळच उपटलेलं असेल तर त्याला लक्ष्यच उरत नाही. रेझर चालतो, त्याने केस दाट होत नाहीत. सावळ्या कातडीला लांब तरंगलांबीचा, १०६४ नॅनोमीटरचा लेझर जास्त सुरक्षित. सहा-आठ बैठका, त्यानंतरही अधूनमधून. आतलं टेस्टोस्टेरॉन तसंच ठेवून नुसता लेझर केला तर केस परत येतात, आणि मग क्लिनिकलाच दोष दिला जातो.

मूल हवं असेल तेव्हा गर्भनिरोधक गोळी आणि स्पायरोनोलॅक्टोन थांबतं, फॉलिक अॅसिड किमान महिनाभर आधी सुरू होतं, आणि बीज सुटण्यासाठी पहिली पसंती लेट्रोझोलला असते. पाळीच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवसापासून पाच दिवस २.५ मिलिग्रॅम; बीज वाढलं नाही तर पुढच्या वेळी ५, मग ७.५. भारतात २०११ मध्ये या उपयोगावर बंदी आली होती, ती २०१७ मध्ये उठली. मधल्या काळात, २०१४ मध्ये, अमेरिकेत ७५० बायकांवर झालेल्या चाचणीत लेट्रोझोलवर २७.५ टक्के आणि क्लोमिफीन या जुन्या औषधावर १९.१ टक्के बायकांना मूल झालं. नवव्या-दहाव्या दिवसापासून दिवसाआड सोनोग्राफी; पुटक रोज साधारण दोन मिलिमीटर वाढतं आणि १८ ते २० झालं की इंजेक्शन, त्यानंतर दीड दिवसाने बीज सुटतं. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या ओव्ह्युलेशन किटवर पीसीओएसमध्ये विसंबू नये, एलएच मुळातच चढलेलं असल्याने त्यावर खोटी रेघ उमटते. बीज सुटलं का, हे प्रोजेस्टेरॉनवरून कळतं. पण ते ‘एकविसाव्या दिवशी’ मोजणं अठ्ठावीस दिवसांचं चक्र असलेल्यांसाठी. चाळीस दिवसांचं चक्र असेल तर तेहतिसाव्या दिवसाच्या आसपास मोजायचं, अपेक्षित पाळीच्या सात दिवस आधी. या पायऱ्या न चढता थेट टेस्ट ट्यूबकडे नेलं जात असेल तर दुसरं मत जरूर घ्यावं.

मन आणि झोप यांच्यावर डॉक्टरांच्या दहा मिनिटांत वेळ उरत नाही, तरी नैराश्य आणि चिंता या आजारात जास्त आढळतात. दोन आठवडे सलग मन उठत नसेल तर ते लक्षण म्हणून सांगावं. घोरणं आणि दिवसा पेंगणं असेल तर झोपेत श्वास अडकण्याची तपासणी.

दिवस राहिले की ७५ ग्रॅम ग्लुकोजची चाचणी लवकर, विसाव्या आठवड्याच्या आत, आधी केली नसेल तर. आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत. एरवीही वजन आणि घरातला मधुमेह पाहून दर एक ते तीन वर्षांनी. चाळिशीकडे झुकताना पाळी बऱ्याचजणींची आपोआप नियमित होते आणि दवाखान्याच्या फेऱ्या थांबतात. नेमकी त्याच वयात साखर, रक्तदाब आणि चरबीची तपासणी चालू ठेवायची असते. नियमित झालेली पाळी पुन्हा लांबली, मध्येच डाग पडू लागले किंवा पंधरा-वीस दिवस रक्त जाऊ लागलं, तर ‘पाळी जायची वेळ झाली’ म्हणून सोडून द्यायचं नाही. अस्तराचा तुकडा काढून तपासायला सांगायचं.